मग त्या रात्री कावळा कुठं झोपला?

जूनचा शेवटचा आठवडा, पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता, मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना. लाईट गेलेली. पहिली-दुसरी मिळून बावीस पोरं, त्यातली निम्मी नवी कोरी, दोघं आईच्या नावानं रडतायत, एक खिडकीच्या गजाला लटकलंय आणि एक चप्पल हातात घेऊन घरी जायच्या तयारीत. अशा वेळी पुस्तक उघडण्यात काही अर्थ नसतो हे मला नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी कळलं. सरळ सतरंजीवर मांडी घातली आणि सुरू केलं. एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर होतं मेणाचं, काऊचं घर होतं शेणाचं.

पोरं सरकत सरकत जवळ आली. चप्पलवाल्यानं चप्पल खाली ठेवली. मग पाऊस आला मोठा (तो तर बाहेर येतच होता, मला वेगळं काही करावं लागलं नाही), शेणाचं घर गेलं वाहून, कावळा आला भिजत भिजत चिमणीच्या दाराशी. चिऊताई चिऊताई दार उघड! थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. चिऊताई चिऊताई दार उघड! थांब, माझ्या बाळाला तीट लावते. तिसऱ्या वेळेला मला ‘चिऊताई’ म्हणावंच लागलं नाही, बावीसच्या बावीस ओरडले. रडणारे दोघंसुद्धा.

मी दार उघडायच्या बेतातच होते तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं, मॅडम, पण मग त्या रातीला कावळा कुठं झोपला?

म्हटलं अगं थांब, आता चिमणी दार उघडणारच आहे. तर म्हणे, नाई उघडलं तर? आणि मग अगदी सहज, जसं कुणी काल काय भाजी केली ते सांगेल तसं, म्हणाली, आमची कोपी बी वाहून गेल्ती, अवकाळी पावसात. आम्ही ट्रॅक्टरच्या खाली झोपलो, बारकं भाऊ माझ्या मांडीवर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचा हा बीड जिल्ह्यातला पाटोद्याकडचा भाग, इथली निम्मी गावं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, टोळीबरोबर ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते थेट होळी-पाडव्याच्या सुमाराला परत. तिथं फडाजवळ बांबू आणि पाचटाच्या झोपड्या घालतात त्याला कोपी म्हणतात. म्हणजे या पोरीला शेणाचं घर वाहून जाणं ही ‘गोष्ट’ नव्हतीच.

मी त्या दिवशी दार उघडायचं विसरले. खरंच. पुढं काय बोलावं तेच सुचेना, तेवढ्यात खिचडीची वेळ झाली आणि सुटले.

आता खरं सांगायचं तर माझा गोष्टींशी संबंध तोपर्यंत कसा होता ते ऐका. डी.एड.ला आम्हाला पाठ घ्यायला लावायचे त्यात गोष्ट ही ‘प्रस्तावना’ असायची. म्हणजे पोरांना गोड गोळी द्यायची आणि मग खरं औषध. गोष्ट दोन मिनिटं, त्यानंतर ‘मुलांनो या गोष्टीवरून आपण काय शिकलो?’ आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात तात्पर्य. पहिली काही वर्षं मी हेच केलं, इमानदारीत केलं, आणि पोरं इतकी तयार झाली होती की लाकूडतोड्याच्या गोष्टीत देवी अजून नदीतून वर पण आली नाही तोवर मागून आवाज, ‘नेहमी खरे बोलावे’! सगळे एका सुरात. आणि त्याच तासाला खोडरबर कुणी घेतलं विचारलं की सगळे आढ्याकडे बघणार. मला वाईट याचं वाटतं की त्या वर्षी कुणालाच कुऱ्हाडीचं काय झालं, देवी पाण्यात राहून भिजत कशी नाही, सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटतं का, यातलं काही म्हणजे काही विचारावंसं वाटलं नाही. तात्पर्य मिळालं की पोरं दप्तर आवरायला मोकळी.

त्या कावळ्याच्या प्रश्नानंतर मी एवढंच ठरवलं की वर्षभर तात्पर्य विचारायचं नाही. दुसरं काही ठरवलं नव्हतं. जे पुढं झालं ते आपोआप होत गेलं, काही चांगलं, काही गोंधळाचं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी तीच गोष्ट मागितली. तिसऱ्या दिवशी पण तीच. मी कंटाळले, ती नाही कंटाळली. आणि एक गंमत लक्षात आली, पोरांना शब्द न् शब्द तोच लागतो. मी एकदा पुस्तकी होऊन ‘चिमणीने दार उघडले नाही’ म्हटलं तर चार जणांनी दुरुस्त केलं, ‘उघडले’ नाई मॅडम, ‘उघडलं’! आता बघा ना, घरी सगळे ‘उघडलं’ म्हणतात, पुस्तकात ‘उघडले’ असतं, आणि सहा वर्षांच्या पोराला आपण पहिल्याच दिवशी सांगतो की तुझ्या तोंडातला शब्द चुकीचा आणि कागदावरचा बरोबर. आमच्याकडं तर अजून अंतर, इथं पोरं ‘काय करायलंय’ म्हणतात, ‘पोरायला’ म्हणतात, मी स्वतः साताऱ्याकडची, पहिल्या वर्षी मला निम्मं कळायचं नाही आणि मी निम्म्या गोष्टी ‘नीट बोल’ म्हणून थांबवायचे. गोष्ट सांगताना मात्र कुणीच कुणाला नीट बोल म्हणत नाही. कावळा बीडचा झाला तरी कावळाच राहतो.

वाचनाचं सांगते, कारण केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात तिथं, सगळे तेच विचारतात. गोष्टी ठीक आहेत हो मॅडम, पण पोरं वाचायला कधी लागणार?

दुसरीत एक मुलगा होता, म्हणजे पहिली होऊन आलेला, पण अक्षरओळख जवळजवळ शून्य. तक्ता दाखवला की क कमळाचा, ख खटाऱ्याचा असं गाण्यासारखं धडाधड म्हणायचा पण मधलंच एखादं अक्षर दाखवलं की गेला. त्याला कमळ पण कधी बघायला मिळालं नव्हतं म्हणा. त्या आठवड्यात भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट चालली होती. म्हातारी लेकीकडं निघते, वाटेत कोल्हा, वाघ खायला येतात, ती म्हणते आत्ता माझ्यात काय आहे, नुसती हाडं, लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन मग मला खा. आणि परत येताना भोपळ्यात बसून, कशाची म्हातारी न् कशाची कोतारी, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक! हे वाक्य पोरं मधल्या सुट्टीत ग्राउंडवर पण म्हणत उड्या मारत होती. मी ते एका लांब कार्डशीटवर जाड मार्करनं लिहिलं आणि भिंतीवर लावलं, बास, काही शिकवलं नाही, फक्त गोष्टीत ती ओळ आली की पट्टीनं एकेका शब्दाखालून न्यायचे.

चार-पाच दिवसांनी हा पठ्ठ्या भिंतीपाशी उभा. बोट ‘टुणूक’वर. मग पुढच्या ‘टुणूक’वर. मग माझ्याकडं वळून म्हणाला, मॅडम, ही दोन्ही सारखीचयत!

आता हे तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण ज्यानं वर्षभर तक्ता गाऊन काढला त्या पोराला पहिल्यांदा कळलं होतं की तोंडातून जो आवाज निघतो तोच तिथं भिंतीवर बसलाय, आणि दुसऱ्यांदा तोच आवाज आला की तोच आकार येतो. त्यानं दिवसभर वर्गात जिथं जिथं ट दिसला तिथं तिथं बोट लावलं. हजेरीच्या वहीत, पोषण आहाराच्या पाटीवर, ‘पाटोदा’मधला तर त्याला फारच आवडला. मग आम्ही टुणूकची कार्डं कापली, टु, णू, क, वेगवेगळी, आणि क जागेवर ठेवून मागंपुढं काहीबाही लावत बसलो. ‘णूकटु’ असा एक शब्द झाला त्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. ण सारखं अवघड अक्षर, ते मी नेहमी डिसेंबरात घ्यायचे, ते जुलैतच आलं आणि कुणी तक्रार केली नाही. क ला काना, ख ला काना हे पण करावंच लागतं, मी काही बाराखडी फेकून दिली नाहीये, उगाच गैरसमज नको. फक्त ती नंतर येते, ओळखीच्या शब्दातून येते.

गणिताचं तर अजून मजेशीर झालं आणि त्यात मी शिव्या पण खाल्ल्या.

सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. शाळेत पोरं चिडवतात, उंदीर सात शेपट्यांचा, उंदीर सात शेपट्यांचा. तो रडत घरी जातो, मग न्हाव्याकडून एक शेपूट कापून घेतो. दुसऱ्या दिवशी पोरं उंदीर सहा शेपट्यांचा म्हणून चिडवतात. असं करत करत एकही उरत नाही, तर मग बिनशेपटीचा म्हणून चिडवतात. मी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक उंदीर केला, जुन्या साडीच्या सात चिंध्या सेफ्टी पिनांनी लावल्या, आणि ठरवलं रोज एक कापायची. सोमवारी पहिली. तर कात्री हातात घेतल्याबरोबर एक पोरगं म्हणालं, मॅडम आज नाई, सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतंय.

बरोबर होतं त्याचं. कात्री ठेवली खाली. मंगळवारी पहिली शेपूट, बुधवारी दुसरी, शनिवारपर्यंत पाच झाल्या. मग प्रश्न आला रविवारचा. शाळा बंद पण न्हावी चालू, उलट रविवारी तर लै गर्दी असती म्हणे. म्हणजे उंदीर रविवारी जाऊन आला असणार. बराच वेळ यावर चर्चा झाली आणि असं ठरलं की सोमवारी आल्यावर ‘काल कापलेली’ म्हणून एक काढायची, पण सोमवारची काढायची नाही कारण दुकान बंद. मंगळवारी शेवटची. सात शेपट्यांना आठ दिवस लागले हे पोरांनी बोटांवर मोजून मला सांगितलं, वार, वजाबाकी, काल-आज-उद्या सगळं त्यात येऊन गेलं आणि माझ्या पाठाच्या टाचणात यातली एकही ओळ लिहिलेली नव्हती. पुठ्ठ्याखाली रोज ७ - १ = ६, ६ - १ = ५ असं लिहीत गेलो, शेवटी १ - १ ला आलो तेव्हा एकदम शांतता. काय लिहायचं? एक जण म्हणाला काहीच लिहू नका. दुसरी म्हणाली मग लोकांला कसं कळंल की शेपूट होती न् गेली? मी गोल काढला. शून्य मी इतकी वर्षं ‘काही नाही म्हणजे शून्य’ असं शिकवत आले, ‘होतं आणि गेलं’ असं कधी शिकवलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकानं माझ्या टेबलाच्या खणातून कात्री काढून दुसऱ्याचा करदोडा कापला. शेपूट म्हणून.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असताना त्याची आजी आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात काठी, आणि आवाज असा की प्रार्थना आपोआप थांबली. ओ मॅडम, हे काय शिकवायलाव तुम्ही पोरायला? करदोडा कापून पोरगं घरला आलं, मेलं काय कुणी आमच्या घरात? मी घाबरले. चूक माझीच होती, कात्री खणात उघडी ठेवलेली, काही लागलं-बिगलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं. आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, माफी मागितली, आणि आता सांगावं तर लागणारच होतं म्हणून उंदराची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा आवाज उतरला. मधेच म्हणाल्या, असं नाईच ते. आमच्यात न्हावी नाई, सुतार असतोय. पोरं लगेच गोळा. आजी न्हावी की सुतार? आजी मग कुऱ्हाडीनं कापतो का? आजी दुसरी सांगा.

आणि आजी बसल्या की हो. श्रावण सुरू होता, त्यांनी खुलभर दुधाची कहाणी काढली. आटपाट नगर होतं, तिथला राजा, त्याच्या मनात आलं महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध आणावं. पोरांना प्यायला ठेवलं नाही, वासरांना पाजलं नाही, सगळं नेऊन ओतलं तरी गाभारा काही भरंना. मग दुपारी एक म्हातारी, घरचं काम आवरून, लेकरांना खाऊपिऊ घालून, गाईवासरांना चारा घालून, उरलेलं खुलभर दूध घेऊन आली, ओतलं, आणि गाभारा भरला.

मी हे मराठी शाळेत, हजेरीच्या वेळेत, असं कसं चालू दिलं माहीत नाही. पण वासरं वरडायलीत म्हणताना आजींनी जो आवाज काढला त्यावर एक पोरगी खरंच रडवेली झाली. ‘खुलभर म्हंजे किती?’ या प्रश्नावर आजींनी ओंजळ पण नाही, नुसता तळहात जरासा खोलगट करून दाखवला, एवढं. त्या गेल्यावर आम्ही पोषण आहाराच्या खोलीतून भांडी आणली. ग्लासानं तांब्या किती वेळा भरतो, तांब्यानं बादली किती वेळा, आणि मग एकाच्या तळहातानं ग्लास भरायचा प्रयत्न, त्यात अर्धा वर्ग भिजला. अंदाज सांगा म्हटलं तर तांब्याला पन्नास ग्लास असं पण उत्तर आलं, भरले चार. हे सगळं ज्या पोरांना ‘धारकता’ या शब्दाखाली पुस्तकात समजलं नसतं त्यांनी त्या आठवड्यात घरी जाऊन आईच्या घागरी मोजल्या.

तेव्हापासून शनिवारी आजी-आजोबा येतात. एका पोराची दादी आली, ती दखनी उर्दूत बोलते, तिनं शेखचिल्लीची अंड्यांची टोपली सांगितली, अंड्याची कोंबडी, कोंबडीची बकरी, बकरीची म्हैस, आणि स्वप्नात लाथ मारली की टोपली खाली. बाकीच्या पोरांना दखनी जेमतेम कळत होतं पण हसायचं कुठं ते बरोबर कळलं. आणि तो पोरगा, जो वर्गात फारसा बोलायचा नाही, त्या दिवशी दुभाषी झाला, दादीचं वाक्य संपलं की मान वर करून मराठीत सांगायचा. त्या एका तासात तो जेवढा बोलला तेवढा जूनपासून बोलला नव्हता.

सगळ्याच जुन्या गोष्टी चांगल्या असं मी म्हणणार नाही हं. आवडती-नावडतीच्या, सावत्र आईच्या गोष्टी मी टाळते, माझ्या वर्गात दोन पोरांना खरंच सावत्र आई आहे आणि ती बिचारी रोज डबा घेऊन येते. काळी म्हणून वाईट, गोरी म्हणून चांगली अशा पण बऱ्याच आहेत. आणि कावळ्याच्या गोष्टीचा शेवट तर घराघरात वेगळा, कुठं चिमणी त्याला चुलीजवळ बसवते, कुठं तो तिचे दाणे खाऊन टाकतो, कुठं बिचारा तव्यावर भाजतो. माझी आई तव्याचाच सांगायची. मी पहिली काही वर्षं तो शेवट गाळायचे, पोरं घाबरतील म्हणून. पोरं नाही घाबरत हो. माझ्या वर्गातल्या एकीनं तवा ऐकून एवढंच विचारलं की गॅसवरचा का चुलीवरचा.

केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, एकदा नेमके शेपटीच्या दिवशी आले होते. सगळं बघितलं, हसले पण, आणि जाताना म्हणाले, मॅडम छान आहे, पण हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत (पोरांना काय यायला पाहिजे त्याच्या यादीत) बसतं तेवढं लिहून ठेवा. राग नाही आला, त्यांना पण वर द्यावं लागतं. २०२१ पासून सरकारचं निपुण भारत अभियान आलंय, २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे, साधी गणितं आली पाहिजेत, ध्येय चांगलंच आहे, माझं पण तेच आहे. पण मला त्या वेळी विष्णुशर्मा आठवला. पंचतंत्राची सुरुवातच तशी आहे ना, राजाला तीन पोरं, तिन्ही ठोंब, पुस्तक म्हटलं की पळणारी, आणि म्हातारा विष्णुशर्मा म्हणतो सहा महिन्यांत नीतिशास्त्रात पक्की करून देतो. मग कावळे, कोल्हे, माकड, मगर. त्याला कुणी दर महिन्याला कुठलं पोर कितपत शिकलं त्याचे स्तर भरायला लावले नव्हते. आणि वर्गात तीनच पोरं होती, तेही सांगायला पाहिजे.

गंमत म्हणजे यात माझं नवीन काहीच नाही हे मला फार उशिरा कळलं. गिजुभाई बधेका, गुजरातमधल्या भावनगरचे, वकिली सोडून पोरांमध्ये रमले, १९२० मध्ये तिथं बालमंदिर काढलं, लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं पोरांना शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि सपशेल आपटतो, मग गोष्ट सांगायला लागतो तेव्हा कुठं वर्ग त्याच्या हातात येतो. मी ते वाचलं आणि एवढं बरं वाटलं, शंभर वर्षांपूर्वी पण पोरं खिडकीला लटकतच होती तर. ताराबाई मोडक त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या, पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी आयुष्य घातलं. त्यांची कुरणशाळा मला सगळ्यात भारी वाटते. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची.

हे वाचलं त्या रात्री मला त्या पोरीची कोपी आठवली.

कारण दिवाळी आली. दिवाळीनंतर माझे बावीसचे तेरा होतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, काही पोरं आजी-आजोबांकडं राहतात, पण सहा-सात वर्षांच्या पोराला सोडून जायला आईचं मन होत नाही, आणि लहान भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतंच. ती जाणार होती. कावळ्याचा प्रश्न विचारणारी. तोपर्यंत ती छोटी छोटी वाक्यं वाचायला लागली होती, जोडाक्षर आलं की थांबायची. जायच्या आदल्या दिवशी मी तिला कार्डं, एक वही, दोन पेन्सिली दिल्या, आणि तिच्या वडिलांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर सेव्ह करून दिला. बाप म्हणाला तिथं कुठं वेळ असतोय मॅडम, पहाटं चारला फडात जातो आम्ही. म्हटलं तुम्ही काही करू नका, फक्त संध्याकाळी फोन तिच्या हातात द्या दोन मिनिटं.

तीन आठवडे काही नाही. मी पण सोडून दिलं होतं. मग एका रात्री साडेआठला व्हॉट्सअ‍ॅप वाजलं, व्हॉइस मेसेज. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि ही आपली ठासून सांगतेय, एक होती चिऊ न् एक होता काऊ. चिऊचं घर होतं मेणाचं. काऊची होती कोपी.

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी तो शाळेच्या छोट्या स्पीकरला लावून वर्गात ऐकवला. तेरा पोरं एकदम चूप. तिच्या गोष्टीत कावळा बाहेर एकटा नव्हता, त्याच्या मांडीवर त्याचा बारका भाऊ होता. आणि चिमणीनं बाळाला तीट लावते, अंघोळ घालते असं काही नाही म्हटलं, ती म्हणाली थांब, माझा मुकादम आलाय. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, मला काटा करायचाय. (उसाची गाडी कारखान्यावर वजनाला लावतात, त्याला काटा करणं म्हणतात, मला पण पोरांनीच सांगितलं.) चिऊताई चिऊताई दार उघड, आणि इथं तिची आई मागून हाक मारते, पाणी आण गं, आणि मेसेज बंद.

वर्गात गोंधळ. उघडलं का नाई? मॅडम पुढचं लावा! पुढचं नाहीच म्हटलं तरी कुणाला पटेना. एक म्हणाला उघडलं असणार, बारकं भाऊ बघून. दुसरा म्हणाला मुकादम घरात असताना कशी उघडंल ती. टुणूकवाल्यानं सुचवलं की कावळ्यानं भोपळ्यात बसून जावं. शेवटी सगळ्यांनी मिळून माझ्या फोनमध्ये तोंड घालून एकच मेसेज रेकॉर्ड केला, तेरा जण एका वेळी ओरडतायत त्यामुळं काहीच कळत नाही, फक्त शेवटी एक आवाज स्पष्ट येतो, ए, कावळा कुठं झोपला ते सांग आधी.

पाठवून चार दिवस झाले. एकच टिक आहे अजून. तिथं रेंज नसते म्हणतात, नाहीतर फोनला चार्जिंग नसेल. रोज सकाळी गेटपाशीच विचारतात, मॅडम आलं का.